एनआरएआयचं कुठपर्यंत चालतं आणि आयएसएसएफचं कुठून सुरू होतं?

पाचशेग्रॅम (धागाकर्ता)

नेमबाजीच्या बातम्यांखाली दोन प्रश्न हमखास येतात. निवडीत डावललं तर खेळाडू आयएसएसएफकडे (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) दाद का मागत नाही? आणि आपल्याच देशातल्या स्पर्धेचे कोटे (म्हणजे तिथे जिंकता येणाऱ्या ऑलिम्पिकच्या जागा) बाहेरचे लोक कसे काय काढून घेतात? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. लोकांना वाटतं, आयएसएसएफ हे हेड ऑफिस आणि एनआरएआय, म्हणजे भारतातली राष्ट्रीय नेमबाजी संघटना, ही त्याची शाखा. तसं ते नाही.

1907 साली झ्युरिकमध्ये आठ देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि त्यातून आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. आयएसएसएफ हे नाव 1998 पासूनचं, कार्यालय म्युनिकला. तिचे सदस्य म्हणजे राष्ट्रीय संघटना. तुम्ही-आम्ही, क्लब, राज्य संघटना यांपैकी कोणीही तिचं सदस्य नाही. भारतातून सदस्य एनआरएआय. तिची स्थापना 1951 ची आणि पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. (मावळंकर स्पर्धेतलं नाव ते हेच, हे निम्म्या मुलांना ठाऊक नसतं.)

एनआरएआयला एकाच वेळी पाच ठिकाणी बघावं लागतं. नियम आणि वेळापत्रकासाठी म्युनिक, आशियाई स्पर्धांसाठी कुवेतमधला आशियाई महासंघ, ऑलिम्पिक पथकासाठी आयओए (भारतीय ऑलिम्पिक संघटना), मान्यता आणि पैशासाठी क्रीडा मंत्रालय, शस्त्रं आणि व्हिसासाठी गृह मंत्रालय. माझं म्हणणं थोडक्यात असं: आयएसएसएफ एनआरएआयच्या उंबरठ्यापर्यंत येते, आत पाऊल टाकत नाही. आणि एनआरएआयने म्युनिकला दिलेला शब्द सरकार पाठीशी असेल तेवढाच टिकतो.

ज्यांना तपशील माहीत आहेत त्यांनी भर घालावी. कोणावर चिखलफेक नको.

पालक_ठाणे

चांगला धागा. एक व्यावहारिक प्रश्न. 10 मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलीचा आयएसएसएफ आयडी पालकांना थेट काढता येतो का? काही प्रशिक्षक म्हणतात आधीच काढून ठेवा.

काडतूस_वही

नाही. तो आयडी आयएसएसएफ देते, पण राष्ट्रीय संघटनेमार्फतच. आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव जायची वेळ येईपर्यंत त्याचा काही उपयोगही नसतो. सुरुवातीला लागतो तो एनआरएआयचा शूटर आयडी. तो वेगळा.

क्रम असा: जिल्हा संघटना किंवा क्लबचं सदस्यत्व, राज्य स्पर्धा, मग विभागीय किंवा मावळंकरसारखी राष्ट्रीय-पूर्व स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धा, तिथला किमान स्कोअर गाठला तर निवड चाचण्या, आणि चाचण्यांच्या क्रमवारीतून भारतीय संघ. किमान स्कोअर दरवर्षीच्या परिपत्रकात बघायचा, मागच्या वर्षीचा आकडा धरून बसायचं नाही.

इथे एक जागा अशी आहे की तिथे नवखे हमखास अडकतात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत काही प्रकारांपुढे आयएसएसएफ लिहिलेलं असतं आणि काहींपुढे एनआर, म्हणजे राष्ट्रीय नियम. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) एअर रायफल हा एनआर प्रकार. म्युनिकच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. ओपन साइटमध्ये राज्यात पहिला आलेला मुलगा भारतीय संघाच्या वाटेवर नाही. पीप साइटवर (बारीक छिद्रातून नेम धरायचा) जाऊन पुन्हा सुरुवात. प्रवेशअर्जावर खूण कुठे करताय ते दोनदा बघा.

आयडीबद्दल आणखी एक. आयएसएसएफ आयडीच्या अक्षर-अंकांतच देशाचा कोड, मुलगा की मुलगी आणि जन्मतारीख गुंफलेली असते. त्यामुळे जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आणि शूटर आयडी या चारही ठिकाणी तारीख एकच हवी. ज्युनिअर गट वयाच्या 20 व्या वाढदिवसाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला संपतो, म्हणून तारखेतल्या एका अंकाने गट बदलू शकतो. नावाचं स्पेलिंगही पासपोर्टप्रमाणेच ठेवा. आडनाव आधी की शेवटी, मधे वडिलांचं नाव आहे की नाही, यावरून मान्यतापत्र, व्हिसा आणि शस्त्र आयातीचा अर्ज हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळेनासे होतात.

दहापूर्णांकनऊ

आणि नाव पाठवण्याचं काम पूर्णपणे एनआरएआयचं. आयएसएसएफच्या स्पर्धेत प्रवेशिका फक्त सदस्य संघटनेकडून घेतली जाते. अंतिम प्रवेशिकेची मुदत अधिकृत आगमनाच्या दिवसाआधी 30 दिवस. त्यानंतर दंड भरून उशिराची नोंद होऊ शकते, ती आगमनाच्या 3 दिवस आधीपर्यंत. म्हणजे चाचण्या लांबल्या की दिल्लीतल्या कार्यालयात धावपळ का होते ते कळेल.

विश्वचषकात एका प्रकारात देशाचे तीन जण पदकासाठी. त्याशिवाय दोघांना आरपीओ म्हणून उतरवता येतं, म्हणजे फक्त क्रमवारीच्या गुणांसाठी. आरपीओवाल्याचा स्कोअर सगळ्यांत भारी आला तरी त्याला अंतिम फेरी नाही, पदक नाही. दरवेळी पेपरात "भारतीय नेमबाज आघाडीवर, तरीही बाहेर" असा मथळा येतो आणि लोक भडकतात. त्यात अन्याय काही नाही. तो सुरुवातीपासूनच त्या यादीत असतो.

कोल्हापुरी_थ्रीपी

आता मुख्य मुद्द्यावर या. रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत विश्वविजेता झाला, 10 मीटर एअर रायफलचा कोटा आणला, आणि पॅरिस ऑलिम्पिकला गेला दुसरा. आयएसएसएफला यात काहीच म्हणायचं नाही?

पाचशेग्रॅम

काहीच नाही, आणि नियमाप्रमाणे म्हणायचं कारणही नाही. स्पर्धेत जिंकलेला कोटा देशाच्या ऑलिम्पिक समितीच्या नावे जमा होतो. खेळाडूचं नाव त्यावर कोरलेलं नसतं. आयएसएसएफ एवढंच तपासते की पाठवलेला खेळाडू पात्र आहे, त्याने ठरवलेला किमान स्कोअर मान्य स्पर्धेत केलेला आहे. त्या प्रकारात भारताच्या दोन जागा होत्या, एप्रिल-मे 2024 मध्ये दिल्ली आणि भोपाळला चार चाचण्या झाल्या आणि त्यातून संदीप सिंग आणि अर्जुन बबुता निवडले गेले. कोटा आणणाऱ्याला धोरणात बोनस होता, पण तो सगळं भरून काढण्याइतका नव्हता.

धोरण चांगलं की वाईट हा वेगळा वाद आहे. बोनस किती हवा, चाचण्या ऑलिम्पिकच्या किती आधी हव्यात, जागतिक स्पर्धेतल्या अंतिम फेरीच्या अनुभवाला वजन हवं का. यावर दोन्हीकडून बोलता येतं. पण तो वाद एनआरएआयच्या निवड समितीत, मंत्रालयात किंवा दिल्ली उच्च न्यायालयात लढायचा असतो. म्युनिकला पाठवलेल्या ईमेलचं उत्तर आलंच तर "आपल्या राष्ट्रीय संघटनेशी संपर्क साधा" एवढंच येईल.

कोल्हापुरी_थ्रीपी

बोनसबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याने दोन वर्षं आधी कोटा आणला त्याला पुढे प्रत्येक चाचणीत तो राखण्यासाठी झगडावं लागतं आणि तेवढ्यात त्याचा बहर उतरतो. पण त्याच धोरणाने स्वप्नील कुसाळेला रोखलं नाही हेही खरं. त्याने कैरोत 2022 ला 50 मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कोटा आणला, चाचण्याही काढल्या, आणि 1 ऑगस्ट 2024 ला 451.4 गुणांवर कांस्य. पात्रता फेरीत तो 590 वर सातवा होता. राधानगरीच्या कांबळवाडीत त्या दिवशी काय झालं ते सांगायला नको.

ट्रॅप_स्कीट

एनआरएआय आणि आयएसएसएफ यांच्यातला व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पॅरिसच्या आधीचं आहे, आणि त्याबद्दल फार कोणी लिहिलं नाही. भारताकडे 20 नेमबाजांची यादी होती. मनू भाकर 10 मीटर एअर पिस्तूल आणि 25 मीटर पिस्तूल अशा दोन प्रकारांत खेळणार होती. म्हणजे दोन जागा, माणूस एक. एनआरएआयने आयएसएसएफला पत्र लिहून विनंती केली की यातली एक जागा महिला ट्रॅपसाठी (शॉटगनने उडत्या तबकड्या टिपायचा प्रकार) बदलून द्या. आयएसएसएफने होकार दिला आणि श्रेयसी सिंगचं नाव आलं. 20 चे 21 झाले. भारताचं ते आजवरचं सगळ्यात मोठं नेमबाजी पथक. टोकियोला 15 होते.

इथे बघा, नियम म्युनिकचा, विनंती दिल्लीची, आणि श्रेयसीच का हा निर्णयही दिल्लीचाच. खेळाडूला स्वतः ही अदलाबदल मागता आली नसती.

नियमपुस्तक

पाचशेग्रॅम, तुमचं पहिलं वाक्य मान्य, पण "आत पाऊल टाकत नाही" हे पूर्ण बरोबर नाही. नियमपुस्तकाच्या रूपाने आयएसएसएफ तुमच्या तालुक्याच्या रेंजवरही असते. 2013 पासून एअर रायफलची पात्रता फेरी दशांशात मोजायला लागले, 2018 पासून महिलांच्या 40 गोळ्यांच्या 60 झाल्या, थ्री पोझिशन 120 गोळ्यांवरून 60 वर आली, 2022 मध्ये अंतिम फेरीला 16 गुणांची सुवर्णलढत आणली आणि वर्षभरात ती गुंडाळलीही. प्रत्येक वेळी इथल्या चाचण्या, स्कोअरिंग, किमान स्कोअर, सगळं बदललं. 40 गोळ्यांची सवय असलेल्या मुलींना 75 मिनिटं उभं राहायचा स्टॅमिना एका हंगामात कमवावा लागला.

सगळ्यात मोठा घाव 2017 चा. ऑलिम्पिकमध्ये पुरुष-महिला प्रकार समान करायचे म्हणून 50 मीटर प्रोन, 50 मीटर पिस्तूल आणि डबल ट्रॅप हे पुरुषांचे तीन प्रकार गेले आणि तीन मिश्र सांघिक प्रकार आले. आयएसएसएफच्या खेळाडू समितीचे अध्यक्ष तेव्हा अभिनव बिंद्रा होते, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूलाही भारतीयच. जीतू रायचा मुख्य प्रकार गेला. अंकुर मित्तल 2018 मध्ये डबल ट्रॅपचा विश्वविजेता झाला, पण तोवर त्या प्रकारातून ऑलिम्पिकला जायचा रस्ता बंद झालेला होता. इथल्या किती रेंजवर डबल ट्रॅपची यंत्रं धूळ खात पडली असतील, कुणास ठाऊक. उलट बाजूने मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांचं पॅरिसचं कांस्य त्याच बदलातून आलेल्या मिश्र प्रकारातलं.

पीपसाइट

मतांचं गणित काय असतं? भारताचं वजन किती?

नियमपुस्तक

प्रत्येक सदस्य संघटनेला महासभेत दोन मतं. पैसा, पदकं, लोकसंख्या, काहीही मोजलं जात नाही. मेक्सिकोचे ओलेगारियो वाझकेझ राना 1980 ते 2018 अशी 38 वर्षं अध्यक्ष होते. 2018 ला म्युनिकमध्ये रशियाचे व्लादिमीर लिसिन 148 विरुद्ध 144 मतांनी इटलीच्या लुचानो रोस्सींना हरवून आले. 2022 ला शर्म अल-शेखमध्ये रोस्सी 136 विरुद्ध 127 ने जिंकले आणि 2024 ला पुन्हा निवडून आले. दोन्ही वेळच्या फरकाकडे बघा. दोन मतं असलेल्या संघटना दोन-चार इकडच्या तिकडे झाल्या की निकाल फिरला असता. म्हणून कोणताही उमेदवार लहानसहान संघटनेलाही दुखवत नाही.

2018 च्याच निवडणुकीत एनआरएआयचे तेव्हाचे अध्यक्ष रणिंदर सिंग आयएसएसएफचे उपाध्यक्ष झाले, त्या पदावर पहिले भारतीय. त्यानंतर तीनच महिन्यांनी दिल्लीचं प्रकरण झालं. त्यात उपाध्यक्षपद किती कामाला आलं ते पुढे कोणीतरी लिहीलच.

ट्रॅप_स्कीट

लिहितो. पण दिल्लीच्या आधी कुवेत, नाहीतर अर्धीच गोष्ट होते.

2015 च्या नोव्हेंबरात कुवेतमध्ये आशियाई अजिंक्यपद होतं आणि त्यावर रिओचे कोटे लावलेले होते. आयएसएसएफने तांत्रिक प्रतिनिधी म्हणून इस्रायलचे यायर डेव्हिडोविच यांना नेमलं. कुवेतने त्यांना व्हिसा दिला नाही. आयओसीने (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती) त्या स्पर्धेचा ऑलिम्पिक पात्रतेचा दर्जाच काढून टाकला. मग कोट्यांसाठी नवी स्पर्धा घ्यावी लागली, आणि ती कुठे झाली? दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर, जानेवारी-फेब्रुवारी 2016 मध्ये. हीना सिद्धूने रिओचा कोटा तिथेच मिळवला.

आता तीन वर्षं पुढे या. 14 फेब्रुवारी 2019 पुलवामा. 20 फेब्रुवारीपासून त्याच रेंजवर विश्वचषक, त्यावर टोकियोचे 16 कोटे. पाकिस्तानचे दोन नेमबाज 25 मीटर रॅपिड फायरसाठी यायचे होते, त्यांना व्हिसा मिळाला नाही. 21 फेब्रुवारीला आयओसीचा निर्णय आला: रॅपिड फायरचे दोन कोटे या स्पर्धेतून काढले, बाकी 14 कायम. वर, लेखी हमी मिळेपर्यंत भविष्यातल्या ऑलिम्पिकसंबंधी स्पर्धांच्या यजमानपदाबद्दल भारताशी सगळी चर्चा थांबवली. जून 2019 मध्ये सरकारने पात्र खेळाडूंना भेदभाव न करता प्रवेश देण्याची हमी लिहून दिली, तेव्हा ती बंदी उठली.

एकाच नियमाने 2016 ला आपल्याला स्पर्धा मिळाली आणि 2019 ला कोटे गेले. पहिल्या वेळी टाळ्या वाजवल्या असतील तर दुसऱ्या वेळी "बाहेरच्यांची दादागिरी" म्हणता येत नाही. व्हिसा देणं-न देणं हा सरकारचा अधिकार आहे, तो वापरण्याची कारणंही असतात. पण मग त्याची किंमत क्रीडा संघटनेच्या खात्यातून वळती होते, हे समजून वापरायचा.

पाचशेग्रॅम

नेमकं. आणि यात एनआरएआयच्या हातात काय होतं? अर्ज पाठवणं, पाठपुरावा करणं, आयएसएसएफला कळवणं. उपाध्यक्ष आपला असल्याचा उपयोग झालाच तर एवढाच झाला असेल, की सगळी स्पर्धा न जाता शिक्षा एका प्रकारापुरती राहिली. हा माझा अंदाज, कागद नाही.

21 ऑगस्ट 2025 ला क्रीडा मंत्रालयाने धोरण लिहूनच टाकलं: पाकिस्तानशी द्विपक्षीय स्पर्धा नाही, बहुराष्ट्रीय स्पर्धा भारतात असली तरी त्यात त्यांचे खेळाडू येऊ शकतात. आयएसएसएफच्या स्पर्धा दुसऱ्या गटात बसतात. यजमानपद मागताना असा कागद हातात असणं मोलाचं.

दहापूर्णांकनऊ

यजमानपदाचा तांत्रिक भागही थोडा येऊ द्या, नाहीतर लोकांना वाटतं फक्त व्हिसाचाच प्रश्न असतो. 10 मीटरच्या हॉलमध्ये लक्ष्यापर्यंतच्या अंतराला 5 सेंटिमीटर इकडेतिकडे एवढीच सूट. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर, तिथेही 5 सेंटिमीटर. लक्ष्यावर किमान 1500 लक्स उजेड, आणि तो सगळ्या लेनवर सारखा. राज्य पातळीवरच्या रेंज इथेच मार खातात: कडेच्या लेनवर उजेड कमी पडतो किंवा फायरिंग लाइनवरून सावली येते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं आयएसएसएफने मंजूर केलेल्या कंपनीचीच. मोठ्या स्पर्धांत स्वित्झर्लंडची सियुस. यंत्रं भारतात असतात, अडतं ते सुटे भाग, कागदाचे रोल आणि कॅलिब्रेशन करणारा माणूस यांपाशी.

10 मीटर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मग गोळी नोंदलीच नाही, चुकीची नोंदली, हे वाद होणारच. तक्रारीला 50 युरो, वरच्या अपिलाला 100. पण गोळीच्या किमतीवर तक्रार करून ती फेटाळली गेली तर दोन गुणही कापतात, हे आपल्याकडची मुलं विसरतात. शून्य दिसलं किंवा गोळी नोंदलीच गेली नाही तर हा दंड नाही, तिथे बेधडक हात वर करा.

काडतूस_वही

प्रवासाचं सांगतो, कारण संघटना-महासंघ संबंधांतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त घोळाचा भाग तोच.

4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. पण विमानतळावर ती शस्त्रच. एनआरएआयचं पत्र, यजमानाचं निमंत्रण, त्या देशाच्या आयात अर्जावर शस्त्राचा मेक, कॅलिबर, सिरियल नंबर, आणि विमान कंपनीची आगाऊ परवानगी. सिरियल नंबर फोटोवरून नाही, प्रत्यक्ष शस्त्रावरून वाचून लिहा. 8 आणि बी, 0 आणि ओ यांची गल्लत होते आणि मग शस्त्र कस्टम्समध्ये आणि खेळाडू हॉटेलात. हवेचा सिलिंडर 10 वर्षांच्या आतला हवा, त्यावरची तारीख स्पर्धेत तपासतात. विमानात काही कंपन्या तो काढून, रिकामा करूनच घेतात.

काडतुसांना प्रवाशामागे 5 किलोची मर्यादा. .22 वाल्यांना ती पुरते, 5 किलोत साधारण 1400 बसतात. शॉटगनवाल्यांचं अवघड. 25 काडतुसांचा डबा किलोच्या आसपास, म्हणजे पाच डबे, 125 काडतुसं. ट्रॅपच्या पात्रता फेरीतच 125 तबकड्या आणि प्रत्येकीवर दोन गोळ्यांची मुभा. म्हणून ती यजमान देशात आयोजकांमार्फत मागवावी लागतात आणि ती मागणीही प्रवेशिकेसोबत संघटनेनेच भरायची असते. ब्रँड तिथे मिळत नसला तर सराव एका काडतुसावर आणि स्पर्धा दुसऱ्यावर.

पीपसाइट

जॅकेटच्या तपासणीबद्दल कोणी लिहील का? इथे पास झालेलं जॅकेट बाहेर नापास होतं अशी तक्रार ऐकू येते.

नियमपुस्तक

होऊ शकतं. ताठरपणा मोजायच्या यंत्रात कापड किमान 3.0 मिलिमीटर दबलं पाहिजे. जाडी एकेरी 2.5, दुहेरी 5.0 मिलिमीटरपर्यंत. कॅनव्हास आणि लेदर थंडीत आखडतं. मुंबईच्या दमट हवेत 3.1 दाखवणारं जॅकेट युरोपातल्या मार्चमध्ये 2.9 दाखवतं. तेव्हा काठावरचं जॅकेट नकोच, इथल्या हवेत 3.3-3.4 तरी हवं, आणि तपासणीआधी ते खोलीच्या उबेत ठेवायचं. स्पर्धेनंतरच्या तपासणीत नापास झालात तर थेट बाद, स्कोअर गेला. पिस्तूलवाल्यांनी चापाचं वजन 500 ग्रॅमवर नेमकं लावू नये (धागाकर्त्याच्या नावाला दाद देऊनही!), 510-515 ठेवावं. 25 मीटरला 1000 ग्रॅम.

इथल्या स्पर्धांत ही तपासणी कधी कधी उरकली जाते. त्याचा त्रास खेळाडूलाच होतो. त्यासाठी जज हवेत. आयएसएसएफचे जज परवाने बी आणि ए असे दोन. बी साठी कोर्स आणि राष्ट्रीय संघटनेची शिफारस लागते. इथेही दार एकच.

दहापूर्णांकनऊ

औषधांचंही. बीटा ब्लॉकर नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद. मायग्रेन, रक्तदाब, हात थरथरणं यासाठी डॉक्टर प्रोप्रानोलॉल सहज लिहून देतात. औषधासाठी सूट मागायची तर राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूने नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था), आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूने आयएसएसएफकडे. पण या गटाला नेमबाजीत सूट जवळजवळ मिळत नाही, पर्यायी औषधच शोधायला सांगतात. इथे एनआरएआय मधे येत नाही, खेळाडू थेट जबाबदार.

कोल्हापुरी_थ्रीपी

पॅरा नेमबाजी पण आयएसएसएफकडेच ना? स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला तेव्हा एनआरएआयचं नाव कुठे दिसलं नाही.

नियमपुस्तक

दिसणारही नाही. पॅरा नेमबाजी आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या छत्राखाली चालते, भारतात पॅरालिम्पिक समितीकडे. नियम बरेचसे आयएसएसएफवरून घेतलेले, रेंज तीच, पण निवड आणि प्रवेशिका वेगळ्या. आयएसएसएफ आयडी तिथे चालत नाही.

पीपसाइट

2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्याने हे सगळं बदलणार का? सरकारने हस्तक्षेप केला म्हणून आयएसएसएफ निलंबित करेल अशी भीती घालतात.

पाचशेग्रॅम

भीती हवेतली नाही. कुवेतचंच बघा: सरकारी हस्तक्षेपावरून त्यांची ऑलिम्पिक समिती निलंबित होती, म्हणून फेहैद अल-दीहानीने रिओत डबल ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं ते ऑलिम्पिक ध्वजाखाली, स्वतंत्र खेळाडू म्हणून. आपली आयओएही डिसेंबर 2012 ते फेब्रुवारी 2014 निलंबित होती. पण तेव्हा एनआरएआय आयएसएसएफची सदस्य होतीच, त्यामुळे विश्वचषकात आपले नेमबाज तिरंग्याखाली खेळत राहिले. राही सरनोबतचं 2013 चं चांगवोनचं सुवर्ण त्याच काळातलं. ऑलिम्पिक समितीचं निलंबन आणि महासंघाचं निलंबन या दोन वेगळ्या गोष्टी.

नव्या कायद्यात कार्यकारिणी जास्तीत जास्त 15 जणांची, त्यात किमान दोन गुणवंत खेळाडू आणि चार महिला. क्रीडा मंडळ संघटनांना मान्यता देणार, वाद लवादाकडे जाणार. 70 ते 75 वयाच्या माणसाला निवडणूक लढवायला आंतरराष्ट्रीय महासंघाची घटना परवानगी देत असेल तर मुभा. लवाद आंतरराष्ट्रीय महासंघांच्या कक्षेतल्या वादांत पडणार नाही, आणि ते मुद्दाम ठेवलंय, म्युनिक आणि लोझानशी (आयओसीचं मुख्यालय) टक्कर नको म्हणून. निवडीच्या तक्रारींना मात्र न्यायालयाआधी एक जागा मिळेल. कोल्हापुरी_थ्रीपी, तुमचा बोनसचा वाद तिथे घेऊन जायचा.

पालक_ठाणे

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: म्युनिकचा एच अँड एन कप किंवा हेगचं इंटरशूट, अशा स्पर्धांना क्लबमार्फत जाता येतं असं ऐकलंय. तिथेही एनआरएआय लागतेच का?

काडतूस_वही

प्रवेशाला तिथे क्लब किंवा व्यक्ती चालते, त्या आयएसएसएफच्या अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. पण शस्त्र देशाबाहेर न्यायला आणि परत आणायला एनआरएआयचं पत्र लागणार, म्हणून आधी राज्य संघटनेला लिहा आणि किमान दोन महिने हातात ठेवा. चांगला सराव होतो, युरोपातले मोठे खेळाडू शेजारच्या लेनवर दिसतात. क्रमवारीचे गुण मात्र मिळत नाहीत, आणि तिथला स्कोअर भारतीय संघाच्या निवडीत धरायचा की नाही हे त्या वर्षीच्या निवड धोरणात वाचून मगच तिकीट काढा.